कुलूप आधी की किल्ली? रिसेप्टर आले कुठून?

अर्धवट_वाचक, सोमवार रात्री १०:५२

मंडळी, एका प्रश्नाने माझी पंचाईत केली आहे.

मुलगी जीवशास्त्र शिकते. तिच्या पुस्तकात ते नेहमीचं चित्र आहे. संप्रेरक म्हणजे किल्ली, पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे कुलूप, आणि एका कुलपाला एकच किल्ली. काल तिने विचारलं, "बाबा, उत्क्रांतीत आधी काय आलं? कुलूप आधी म्हणावं तर किल्लीशिवाय ते बिनकामाचं, मग टिकलं कसं? किल्ली आधी म्हणावं तर ती घालायची कुठे?"

'दोन्ही बरोबरीने हळूहळू बदलत गेलं असेल' असं म्हणून मी वेळ मारून नेली. तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

उपप्रश्न: संप्रेरकं झाडांनाही असतात. मग त्यांची कुलपं आपल्यासारखीच की वेगळी?

जाणकारांनी लिहा. नुसत्या लिंका टाकून पळू नका.

आळशी_मुंगी, सोमवार रात्री ११:०५

पहिल्या बाकावर बसले आहे. चालू द्या.

शब्दखोर, सोमवार रात्री ११:२०

अवांतर, पण राहवत नाही. रिसेप्टरला मराठीत 'ग्राही' म्हणतात. मी शिकताना मात्र एका पुस्तकात 'ग्राहक प्रथिने' असं छापलं होतं. पेशीबाहेर रांग लावून ही प्रथिनं नेमकं काय विकत घेतात, हे कोडं मला वर्षभर सुटलं नव्हतं.

आळशी_मुंगी, सोमवार रात्री ११:२४

ग्राहक राजा असतो, प्रथिन असलं तरी.

सूक्ष्मदर्शी, मंगळवार सकाळी ७:१०

तुमच्या मुलीला शाबासकी द्या. हा प्रश्न प्रयोगशाळेत थेट तपासला गेला आहे.

आपल्या शरीरात दोन सख्खे रिसेप्टर आहेत. एक कॉर्टिसॉल ऐकतो, तणावाचं संप्रेरक. दुसरा अल्डोस्टेरॉन ऐकतो, मीठ-पाण्याचा तोल सांभाळणारं. ४५ कोटी वर्षांहूनही आधी एका जुन्या जनुकाच्या दोन प्रती झाल्या, त्यातून हे दोघे आले. अल्डोस्टेरॉन मात्र बरंच नंतर आलं. ते चार पायांच्या प्राण्यांत आणि त्यांच्या नात्यातल्या फुप्फुसमाशांत मिळतं, लँप्रेसारख्या जबडा नसलेल्या माशांत मिळत नाही. म्हणजे या जोडीत कुलूप आधी आणि किल्ली नंतर.

उत्क्रांतीचे अभ्यासक जो थॉर्नटन यांच्या गटाने आजच्या अनेक प्राण्यांमधल्या या रिसेप्टरांचे क्रम, म्हणजे अमिनो आम्लांची माळ, शेजारी ठेवले, त्यावरून त्या पूर्वजाचा क्रम गणिताने काढला, तसं जनुक बनवलं आणि जिवंत पेशीत घातलं. मग त्याला एकेक संप्रेरक देऊन पाहिलं. २००६ चं काम आहे हे. त्या पूर्वजाला अल्डोस्टेरॉन व्यवस्थित 'ऐकू' आलं! ज्या काळात ते जगातच नव्हतं त्या काळातला रिसेप्टर, तरीही.

यात चमत्कार काही नाही. तो तेव्हा दुसरंच, जुनं स्टेरॉइड (कॉर्टिसॉल-अल्डोस्टेरॉनच्याच कुळातला रेणू) ऐकण्याचं काम करत होता आणि त्यावरच टिकून होता. त्याची खाच जरा सैल होती. पुढे कधीतरी अल्डोस्टेरॉन तयार झालं, आकाराने तसंच असल्याने आयतं बसलं. मग कॉर्टिसॉलवाल्या भावात मोजकी अमिनो आम्लं बदलली, त्यातली दोन कळीची, आणि तो अल्डोस्टेरॉनला बहिरा झाला.

तेव्हा 'एका कुलपाला एकच किल्ली' हे पुस्तकातलं वाक्य आधी खोडा. निम्मा घोळ तिथेच आहे.

खोडरबर, मंगळवार सकाळी ९:३२

@सूक्ष्मदर्शी, हे म्हणजे प्रश्न एक घर मागे सरकवणं झालं. त्या जुन्या स्टेरॉइडचं कुलूप कुठून आलं? आणि त्याच्या आधीचं? कुठेतरी पहिलं कुलूप असणारच.

सूक्ष्मदर्शी, मंगळवार दुपारी १:१५

बरोबर पकडलंत. मागे जात राहिलं की वेगळाच खेळ दिसतो.

इस्ट्रोजेन शरीरात कसं बनतं? प्रोजेस्टेरॉनपासून टेस्टोस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन. सर्वांत शेवटचा माल इस्ट्रोजेन. थॉर्नटन यांच्याच २००१ च्या मांडणीनुसार या घराण्यातला सर्वांत जुना रिसेप्टर इस्ट्रोजेन ऐकणारा होता. म्हणजे तेव्हा प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन निव्वळ मधल्या पायऱ्या होत्या. निरोप म्हणून त्यांना काही अर्थ नव्हता, पेशीत नुसतेच पडून असत. पुढे रिसेप्टरच्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती झाल्या आणि त्या प्रतींनी या पडून असलेल्या रेणूंना 'निरोप' करून टाकलं.

इथे किल्ली आधी. आधीच्या उदाहरणात कुलूप आधी. दोन्ही घडतं.

खोडरबर, मंगळवार दुपारी १:४०

म्हणजे 'सोयीनुसार उत्तर बदलेल'. वा! (ह.घ्या.)

पानगळ, मंगळवार दुपारी ४:०८

खोडरबर यांच्या 'पहिल्या कुलपा'चं उत्तर वनस्पतींकडे मिळतं. वनस्पती-संप्रेरकांवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उपप्रश्न. सूक्ष्मदर्शी ज्या घराण्याबद्दल बोलताहेत, म्हणजे केंद्रकात जाऊन जनुकं चालू करणारे रिसेप्टर, त्या घराण्याचे माणसात ४८ सदस्य आहेत. वनस्पतींमध्ये शून्य. स्टेरॉइड संप्रेरकं वनस्पतींतही आहेत, ब्रासिनोस्टेरॉइड म्हणतात त्यांना. पण ती ऐकणारा बीआरआय१ हा रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या पटलावर बसतो आणि त्याची घडण अगदी वेगळी आहे. रेणू एका कुळातले, पण ऐकण्याची यंत्रणा दोघांनी आपापली उभारली.

आता पहिलं कुलूप. जिबरेलिन हे खोडाची वाढ करणारं संप्रेरक. त्याचा रिसेप्टर, जीआयडी१, २००५ मध्ये भाताच्या खुज्या उत्परिवर्तितांमधून सापडला. त्याचा क्रम पाहिला तर तो मेद तोडणाऱ्या विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, घराण्यातला निघाला! या विकरांच्या खाचेत तीन अमिनो आम्लांचं त्रिकूट असतं, तेच तोडकाम करतं. जीआयडी१ मध्ये त्यातला एक गडी बदलला आहे. त्यामुळे रेणू आत येतो, धरला जातो, पण तुटत नाही. वर एक झाकण आहे. जिबरेलिन आत बसलं की ते मिटतं आणि मिटलेल्या झाकणाला पुढचं प्रथिन येऊन चिकटतं. खोडाला निरोप पोचला.

तर खोडरबर, कुलूप शून्यातून घडलं नाही. तो मुळात अडकित्ता होता. पातं बोथट झालं आणि नुसता चिमटा उरला.

जुनाखोडा, मंगळवार संध्याकाळी ६:५०

@पानगळ, अडकित्त्यावर फिदा!

शब्दखोर, मंगळवार संध्याकाळी ७:०२

विकरं विकत नाहीत आणि ग्राहक घेत नाहीत. मराठी विज्ञानाचा बाजार उठला.

रात्रपाळी, बुधवार पहाटे २:३०

पानगळताई, छान. मी प्रयोगशाळेतला हमाल आहे, तेव्हा तत्त्वज्ञान सोडून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

इथिलीन. फळं पिकवणारा वायू. शिकत असताना मला अरॅबिडॉप्सिसची (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगशाळांचं लाडकं रोपटं) रोपं मोजायचं काम दिलं होतं. बिया धुळीच्या कणाएवढ्या. त्या अगारवर, म्हणजे थाळीतल्या जेलीवर, एकेक टोचायच्या, थाळी चार दिवस फ्रिजमध्ये, मग अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून तीन दिवस अंधारात. अगारमध्ये इथिलीनचा कच्चा माल मिसळलेला. चौथ्या दिवशी कागद सोडला की शेकडो रोपं दिसतात, सगळी बुटकी, जाडसर, माना आकड्यासारख्या वळवलेली. एकदा भिंग लावून असंच मोजत होतो आणि गर्दीच्या मधोमध एक बारीक, पांढरं, ताठ रोप, बाकीच्यांच्या तिप्पट उंच. वर्गात सगळे खाली मान घालून बसलेत आणि एकजण उठून खिडकीबाहेर बघतोय, असं. मला वाटलं पाकिटांची सरमिसळ झाली. सरांना दाखवलं तर ते हसले. त्याला इथिलीनचा वासच येत नव्हता. मुद्दाम मिसळलेलं बी होतं, माझी परीक्षा घ्यायला.

अशाच बहिऱ्या रोपांमधून १९९३ मध्ये ईटीआर१ हे जनुक मिळालं. वनस्पती-संप्रेरकाचा हातात आलेला हा पहिला रिसेप्टर. आणि तो दिसायला कसा? जिवाणू आजूबाजूचं हवामान ओळखायला जे दोन भागांचे संवेदक वापरतात, हुबेहूब तसा. इथिलीन धरणारा भाग सायनोबॅक्टेरियांत, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंतही सापडतो. आज ज्याला आपण हरितलवक म्हणतो तो एके काळी स्वतंत्र सायनोबॅक्टेरिया होता. भाडेकरू येताना सामान घेऊन आला, असं मानतात.

अजून एक गंमत. हा रिसेप्टर उलटा चालतो. इथिलीन नसताना तो चालू असतो आणि पिकणं दाबून ठेवतो. इथिलीन आलं की तो गप्प होतो आणि पुढचं सगळं सुटतं. त्या ताठ रोपाचा रिसेप्टर इथिलीन धरू शकत नव्हता, म्हणून कायम चालूच राहिला. कुलूप-किल्लीचं चित्र इथे कसं बसवणार? ही किल्ली फिरवली की पहारेकरी झोपतो.

रच्याकने, इथिलीनचा शोधही मजेशीर. १९०१ मध्ये नेल्युबोव्ह नावाच्या रशियन विद्यार्थ्याची वाटाण्याची रोपं प्रयोगशाळेत वेडीवाकडी, आडवी वाढत होती. बाहेरच्या हवेत सरळ. दोष निघाला दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनचा.

हिरवळ, बुधवार सकाळी ८:१५

मी असं वाचलंय की झाडांत ग्लुटामेटचे रिसेप्टर असतात, आपल्या मेंदूत असतात तेच. मग झाडांना वेदना होतात हे सिद्धच झालं ना? जगदीशचंद्र बोस हेच सांगत होते.

खोडरबर, बुधवार सकाळी ८:४०

झालं, आता धागा शाकाहारावर जाणार.

पानगळ, बुधवार सकाळी १०:२०

@हिरवळ, अर्धं बरोबर आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये तशी २० जनुकं आहेत, १९९८ मध्ये ती पहिल्यांदा कळली. २०१८ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. अळीने पान कुरतडलं की जखमेतून ग्लुटामेट सांडतं, हे रिसेप्टर ते ओळखतात आणि कॅल्शियमची लाट दूरच्या पानांपर्यंत जाते. चकाकणारी रोपं वापरल्यामुळे ही लाट डोळ्यांना दिसते. दोन-एक मिनिटांत लांबचं पान सावध होऊन बचावाची रसायनं बनवायला लागतं.

पण रिसेप्टर एका कुळातला आहे म्हणून अनुभवही तोच, असं होत नाही. हे घराणं प्राणी आणि वनस्पती दोघांहून जुनं आहे. सायनोबॅक्टेरियातही ग्लुटामेट ओळखणारी अशी नळी सापडली आहे. जिवाणूला मेंदू नाही. आपल्या मेंदूने ती यंत्रणा विचारांसाठी वापरली, झाडाने जखमेच्या निरोपासाठी. आणि झाडातले हे रिसेप्टर ग्लुटामेटशिवाय इतर अमिनो आम्लांनाही दाद देतात. 'ग्लुटामेट' हे नाव आपण प्राण्यांवरून चिकटवलेलं.

बोस यांनी लाजाळूत विजेचे संदेश मोजले, ते खरंच थोर काम. पण त्यावरून झाडांना दुःख होतं असं म्हणणं म्हणजे दाराची घंटा वाजते म्हणून घराला कान आहेत म्हणण्यासारखं.

हिरवळ, बुधवार सकाळी १०:५५

पटलं नाही, पण घंटा आवडली.

तर्कट, बुधवार दुपारी १२:३०

समान पूर्वजाचा याहून सोपा पुरावा माझ्याकडे आहे. जिवाणूंच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन माणूसही ओळखतो (टीएलआर५) आणि झाडंही ओळखतात (एफएलएस२). दोन्ही रिसेप्टरांचा बाहेरचा भाग ल्युसीन या अमिनो आम्लाच्या त्याच त्या पुनरावृत्तीचा. म्हणजे रिसेप्टर एकच, आजोबांकडून दोघांना मिळालेला.

सूक्ष्मदर्शी, बुधवार दुपारी ३:४५

@तर्कट, याच्यावर मीही एकदा फसलोय, म्हणून सांगतो. एफएलएस२ फ्लॅजेलिनचा २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा धरतो, टीएलआर५ त्याच प्रथिनाला वेगळ्या जागी धरतो. ल्युसीनवाला भाग ही प्रथिनांच्या जगातली विटेसारखी वस्तू आहे, कुणीही उचलून भिंत बांधावी. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच शत्रूची खूण पकडली, कारण पोहणाऱ्या जिवाणूला ती शेपटी टाकून देता येत नाही.

खरं नातं आतल्या बाजूला आहे. माशीच्या टोल रिसेप्टरचा (आपल्या टीएलआरचा नातलग) निरोप आत पेल नावाच्या किनेजकडे, म्हणजे फॉस्फेट चिकटवून निरोप पुढे देणाऱ्या विकराकडे जातो. झाडांच्या रिसेप्टरमधला आतला किनेज याच पेलच्या कुळातला. फरक असा की माशीत टोल वेगळा आणि पेल वेगळा, वनस्पतींनी बाहेरचा कान आणि आतला किनेज एकाच प्रथिनात जोडून टाकला. ही जोडणी इतकी फळली की अरॅबिडॉप्सिसच्या साधारण २७,००० जनुकांपैकी ६०० हून अधिक या घराण्याची आहेत, भातात ११०० हून अधिक. माणसात पटलावरचे टायरोसिन किनेज रिसेप्टर ५८. आपला भर दुसऱ्याच घराण्यावर, पटलातून सात वेळा आरपार जाणारे जीपीसीआर, सुमारे ८००, त्यातले निम्मे एकट्या वासासाठी. वनस्पतींत ते जवळजवळ नाहीतच.

जुनाखोडा, बुधवार दुपारी ४:१०

पळून जाता येत नसलं की पहारेकरी जास्त ठेवावे लागतात. ६०० कान आणि एकही पाय नाही. बिचारं रोप.

आळशी_मुंगी, बुधवार रात्री ९:३०

कुणीच नेच्यांचं नाव काढलं नाही म्हणून माझा खारीचा वाटा. काही नेच्यांत निओक्रोम नावाचा प्रकाशाचा रिसेप्टर असतो. लाल प्रकाश ओळखणारा आणि निळा ओळखणारा, असे दोन रिसेप्टर एकात जोडलेले. मोठ्या झाडांच्या सावलीत अंधुक उजेड शोधायला फार कामाचा. २०१४ मध्ये कळलं की नेच्यांनी तो स्वतः घडवलाच नाही. हॉर्नवर्ट नावाच्या चिमुकल्या वनस्पतींकडून जनुक आडवाटेने नेच्यांत आलं, जवळपास १८ कोटी वर्षांपूर्वी.

कुलूपही उचललेलं!

तर्कट, बुधवार रात्री ९:५०

चूक मान्य. विटेचं उदाहरण लक्षात राहील. @आळशी_मुंगी, जनुक चोरणारे नेचे म्हणजे कमाल.

रात्रपाळी, गुरुवार पहाटे ३:०५

चोरीचा विषय निघालाच आहे तर टारफुला हवाच, म्हणजे स्ट्रायगा. ज्वारी-मक्याच्या मुळांवर जगणारं परजीवी तण. बी धुळीसारखं, मातीत दहा-दहा वर्षं पडून राहतं. यजमानाचं मूळ जवळ आलं तरच रुजतं, नाहीतर उगवून उपाशी मरेल. मूळ आल्याचं कळतं कसं? मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे रेणू मातीत सोडतात, उपयोगी बुरशीला बोलवायला. टारफुला ती हाक चोरून ऐकतो.

गंमत नावात आहे. हा रेणू १९६६ मध्ये टारफुल्याचं बी रुजवणारा म्हणून सापडला, त्यामुळे चोराचंच नाव लागलं. बुरशीला बोलावण्याचं काम २००५ मध्ये कळलं आणि हे झाडाचं स्वतःचं, फांद्या आवरणारं संप्रेरक आहे हे २००८ मध्ये.

आणि चोराचा कान कुठला? सामान्य झाडात स्ट्रायगोलॅक्टोन ऐकतो डी१४. टारफुल्याचं बी मात्र त्याच्या जुन्या भावंडाच्या, केएआय२ च्या, जास्तीच्या प्रती वापरतं. केएआय२ हा जळलेल्या रानाच्या धुरातले रेणू ओळखतो, वणव्यानंतर बी रुजवायला. त्याच्या प्रती करून, खाच रुंदावून टारफुल्याने शेजाऱ्याची हाक ऐकणारे कान बनवले. पानगळताईंचा अडकित्ता इथेही आहेच, डी१४ आणि केएआय२ दोघेही मुळात विकरांच्या कुळातले. डी१४ चं पातं तर अजून शाबूत आहे, निरोप ऐकतो आणि किल्लीच मोडून टाकतो.

खोडरबर, गुरुवार सकाळी ९:१५

किल्ली खाणारं कुलूप. आता मात्र मी शरण.

अर्धवट_वाचक, गुरुवार रात्री १०:४०

मंडळी, तीन दिवसांत मला जे कळलं ते शाळेत कळलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. लेकीला वाचून दाखवलं. अडकित्ता आणि टारफुला तिला फार आवडले. मग तिने दोन प्रश्न टाकले.

एक, कुलूप आणि किल्ली दोन्ही आधीपासून आहेत, पण एकमेकांची ओळखच नाही, असं कधी झालंय का?

दोन, धूर काही कुणाचं संप्रेरक नाही. वणवा कधीच न पाहिलेल्या झाडांतही केएआय२ आहे का? असेल तर ते रोज काय ऐकतं?

पानगळ, गुरुवार रात्री ११:२५

पहिल्याचं उत्तर: हो, अगदी असंच. झाडाला पाण्याचा ताण पडला की अॅब्सिसिक आम्ल पानांची रंध्रं मिटवतं. हे आम्ल शैवालांतही सापडतं. त्याचा रिसेप्टर जमिनीवरच्या वनस्पतींचा, पण त्यांच्या सर्वांत जवळच्या नात्यातल्या झिग्निमा या गोड्या पाण्यातल्या शैवालातही त्याचा भाऊबंद मिळाला, २०१९ मध्ये. तो तिथे हे आम्ल धरतच नाही. त्याच्याशिवायच पुढच्या साखळीला थोडा हात लावत बसतो. किल्ली त्याच घरात, कुलूपही त्याच घरात, नुसती गाठ पडायची होती. वनस्पती जमिनीवर आल्या तेव्हा पडली.

दुसऱ्याचं उत्तर: आहे, वणव्याचा संबंध नसलेल्या वनस्पतींतही, अगदी मॉससारख्या साध्या वनस्पतींतसुद्धा. ते जनुक बंद केलं की रोपं बिघडतात, म्हणजे आतून काहीतरी नक्की ऐकत असतं. तो रेणू अजून कुणालाच सापडलेला नाही. आम्ही त्याला नुसतं 'केएल' म्हणतो, केएआय२ चा लिगंड, म्हणजे त्याची किल्ली. लेकीला म्हणावं, जागा रिकामी आहे.

शब्दखोर, गुरुवार रात्री ११:३१

ग्राहक हजर, माल बेपत्ता.